पन्नास अमळनेर

दादा गेल्याला महिना होत आला. त्या सकाळी शेजारच्या जिग्नेशभाईंचा फोन आला, "बेन, जल्दी आवो," आणि मी धावत पोचेपर्यंत सगळं आटोपलंही होतं. गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसणारा माणूस, इथंही घाई केलीच मेल्यानं! मंगल, त्याची एकुलती एक लेक, टोरांटोला. तिनं बापाचं शेवटचं तोंड फोनवर पाहिलं.

माझा हा थोरला भाऊ इथं सुरतेत, उधन्याच्या मिलमध्ये कापड मोजायचा. अंतर मात्र तो दशम्यांत मोजायचा. दुधात पीठ भिजवून केलेली ही भाकरी प्रवासात टिकते, म्हणून आम्हा खानदेशी माणसांच्या शिदोरीत ती असायचीच. सुरतेहून आमचं अमळनेर अडीचशे किलोमीटर, म्हणजे दोन दशम्या. मुंबई एक अमळनेर, दिल्ली साडेचार. मंगलला बघायला आलेल्या मुलाला यानं पगार विचारला नाही. विमानानं टोरांटो किती लांब, ते विचारलं. "मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर," तो बिचारा म्हणाला. दादानं डोळे मिटून हिशेब केला आणि माझ्या कानाशी लागला, "कुसुम, पन्नास अमळनेर शेतस वं!" लग्न झालं, पोरगी गेली, आणि हा त्या पन्नासाच्या धसक्यानं विमानाचं नाव काढू देईना.

पुढं वहिनी गेली आणि वर्षभरात मंगलला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण डॉक्टरनं तिला विमानात बसायला मनाई केली. तिथं तिचं करायला कोणी नाही. माझ्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"मी जातो," दादा म्हणाला.

"तू? तुला चहा तरी धड येतो का रे?"

"ते शिकेन मी. तू शंभर दशम्या कर."

माझं डोकंच फिरलं. विमानात जेवण देतात, हे त्याला जिग्नेशभाईंनीही सांगून पाहिलं. "आणि नाही दिलं तर मधे कोणत्या स्टेशनवर उतरू?" शेवटी वीस-पंचवीस लाटल्या, आखडलेल्या गुडघ्यानं, त्याला शिव्या देत…

पोचल्यावर फोन केला, तो रडतच. "कुसुम, चारच लागल्या गं! दोनच अमळनेर आहे हे. पोरगी इतकी जवळ होती आणि मी घाबरून घरी बसलो." उरलेल्या दशम्या त्यानं विमानात शेजाऱ्यांना वाटल्या होत्या, ठेच्यासकट. एक गोरा म्हणे पाणी पाणी करत होता. पुढं तीन महिने फोनवर मला विचारून विचारून यानं बाळंतिणीचं सगळं केलं. हळिवाची खीर इतकी घट्ट व्हायची की चमचा उभा राहायचा. मंगलनं ती रोज खाल्ली.

आता मंगलला पुन्हा दिवस गेलेत. दहाव्याला फोनवर म्हणाली, "आत्या, माझं माहेर संपलं गं." अशी चिडले मी! मग फोन ठेवून ढसाढसा रडले. दादाच्या खोलीत कपाटावर त्याची बॅग होती, मुठीला विमानाची चिठ्ठी तशीच. कोणाला ती काढू द्यायचा नाही, पाहुण्यांना दाखवायचा. ती बॅग मी घरी आणली आणि पासपोर्टच्या फोटोला गेले.

"मासी, फरवा जाओ छो?" फोटोवाल्या मुलीनं विचारलं.

"फिरायला कसली जातेय!" मी तिच्यावर खेकसले. "बाळंतपणाला चाललेय. माझ्या लेकीच्या."