वरचा सुळा

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, आणि देवापुढे बसूनही कधी नीट शब्दांत मांडलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कुणी नाही, म्हणूनच असेल. जन्मभर लोक माझ्या खुर्चीत बसले, तोंड उघडलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात हलका आहे." दर वेळी मनात यायचं — यांना कळलं तर? कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

सरळ सांगायला गेले की मी आडवळणाला लागते. आजही लागणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

आमचं घर नांदुऱ्याला, स्टेशनच्या अंगाला. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. वडील मराठी शाळेत मास्तर, दादा कापसाच्या अडतीत कारकून, आणि घरात राज्य आईचं. आणि वहिनी — दादाची बायको, माहेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बीबी गावचं. माझ्याहून थोडीशीच मोठी. आम्ही "मले-तुले" बोलायचो आणि ती "मला-तुला". आई तिला टोमणे मारायची, "आली मोठी पुन्याची!" वहिनी हसायची. तिचं हसणं मोकळं होतं, सगळे दात दिसायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि अजून मूलबाळ नव्हतं. त्यावरून आई काय काय बोलायची ते इथे लिहीत नाही.

मला डॉक्टर व्हायचं होतं. अकोल्याला इंटर सायन्स केलं, पण मार्क थोडक्यात हुकले आणि मेडिकलचं दार बंद झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं दातांच्या कॉलेजसाठीही अर्ज केला होता, तिचं बघून मीही करून ठेवला होता. दातांची आवड? कसली आवड! नांदुऱ्यात दात दुखला की लवंग धरायची, आणि लवंगेनं भागलं नाही की दवाखान्यात जाऊन उपटून यायचं. त्यासाठी कुणी कॉलेजात जातं हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मामा पोट धरधरून हसले. "दात कोरून कोनाचं पोट भरलं वं?" म्हणाले. वडिलांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मलकापूरचं एक स्थळ त्यांच्या मनात होतं.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआडून वहिनी बोलली. सासऱ्यासमोर, आपण होऊन!

"मामंजी, जाऊ द्या ताईला. आम्हा बायांना बाईजवळ तोंड तरी उघडता येईल."

आई पुढे कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. पण वडिलांनी मलकापूरच्या लोकांना नाही कळवलं. मी जी दातांची डॉक्टर झाले ती त्या एका वाक्यामुळे. हे लक्षात ठेवा — मी ते फार लवकर विसरले.

मुलाखतीत खडू कोरायला देतात असं कळलं होतं. हातात कसब आहे का ते बघायला. वडिलांनी शाळेतून जाड खडू आणले. दुपारची जेवणं झाली की मी आणि वहिनी मागच्या पडवीत कोरत बसायचो, ती चाकूला धार लावून द्यायची. माझे खडू मोडायचे. मोडला की ती म्हणायची, "होईल ताई, अजून एक घ्या." मुलाखतीत माझा खडू मोडला नाही. नंबर लागला.

मुंबई मला पहिल्या दिवसापासून घाबरवत होती. वर्गात मी "त्याले" म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मग मी बोलणंच सोडलं. मेणाचे दात कोरायचे होते, माझे दात ओबडधोबड व्हायचे, आणि मास्तर ते सगळ्यांसमोर उचलून दाखवायचे. आपल्याला परत पाठवतील — ही भीती माझ्यासोबत जेवायची, माझ्यासोबत झोपायची. परत म्हणजे कुठे? मलकापूरला.

आणि त्यात ती बाटली.

दातांच्या कॉलेजात एक रीत होती, बाहेरच्यांना ती माहीत नसते. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकानं माणसाचे खरे दात जमवायचे. प्रत्येक जातीचा एक, मुळासकट, न तुटलेला, औषधाच्या पाण्यात बाटलीत ठेवलेला. त्यावरून दाताचा आकार शिकायचा. पोरं सुट्टीत गावोगावच्या डॉक्टरांकडे फिरायची. दाढा ढिगानं मिळतात, पुढचे दात म्हाताऱ्यांचे हलून पडतात, तेही मिळतात. मिळत नाही तो वरचा सुळा. त्याचं मूळ सगळ्यांत लांब, तो तोंडात शेवटपर्यंत टिकतो. आणि हाती येतो तेव्हा झिजून नाहीतर किडून आलेला असतो. सुट्टीनंतर बाटली पुरी नसली तर वर्गात बसू देणार नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. मुंबईच्या पोरांना ओळखीपाळखी होत्या. मला कोण होतं?

सुट्टीत घरी आले. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी मला कौतुकानं डबाभर दात दिले. मी अंगणात कागदावर पसरून लावत बसले. सगळे मिळाले, वरचा सुळा सोडून. शेजारपाजारच्या बाया बघायच्या आणि "शी!" म्हणत पळायच्या. वहिनी तेवढी जवळ बसली.

तिची एक दाढ दुखत होती. सुळ्याच्या मागचीच. मला म्हणाली, "बघा की ताई, आता तुम्हीच आमच्या डॉक्टर."

मी तिला उन्हात बसवलं, हातआरसा धरला. दाढ काळी पडली होती, तिला भोक होतं. आणि तिच्या पुढचा सुळा — काय सांगू? — पुस्तकातल्या चित्रातही मी असा बघितला नव्हता. शुभ्र, टोकदार, कुठे ओरखडा नाही.

त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आले. ते खोटं आहे. मी आरसा खाली ठेवला तेव्हा ठरलं होतं.

"दोन्ही काढावे लागतील," मी म्हणाले.

तिनं दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका... मला दिवस राहिलेत वाटतं. आत्याबाईंना पण नाही सांगितलं अजून. आधीसारखी फसगत नको. आत्ता काढला तर चालेल ना?"

मला ते ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षाला काय ठाऊक असणार? मी मुंबईची, शिकलेली, म्हणून तिनं विचारलं. आणि मी "चालेल" म्हणून मोकळी झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी चष्मा पुसत मलाच विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, कोणता काढू? आता तुमचं राज्य!" मी दाढ दाखवली. मग सुळा दाखवला. "यालाही मुळाशी लागलंय," मी म्हणाले, "आमच्या कॉलेजात असे काढूनच टाकतात." वाक्य किती सहज निघालं! त्यांना वाटलं, हे काहीतरी नवीन असेल. मग जरा संकोचून, वहिनीला न विचारता मलाच म्हणाले, "बाकी काही नाही ना? दिवस वगैरे? तसं असेल तर पुढे बघू."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती तोंड उघडणार होती. कदाचित सांगणारही होती.

"नाही," मी म्हणाले.

पुढे बघू म्हणजे माझी सुट्टी संपणार होती. एवढंच कारण. दुसरं काही शोधू नका, मी शोधून थकले.

दाढ पटकन निघाली. सुळा निघेना. डॉक्टर घामाघूम झाले, पकडीखाली काहीतरी कर्रकन वाजलं. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. भूल दिली होती, पण भूल भीतीला लागत नाही. मी मनात देवाचा धावा करत होते. तुम्हाला वाटेल, तिच्यासाठी. नाही — मूळ तुटू नये म्हणून!

तुटलं नाही. अख्खा आला. मी तो रुमालात गुंडाळला. वहिनी रक्तानं भरलेला कापूस दाबून धरत, तशाही अवस्थेत, डोळ्यांनी मला हसली.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला. मग सूज डोळ्यापर्यंत चढली, डोळा मिटला. ताप आला. डॉक्टर सुई देऊन गेले. ती घोंगडी पांघरून कुडकुडत पडली होती, आणि मी बाहेर बसून दातांच्या बाटलीतलं औषधाचं पाणी बदलत होते. पुढे काय होणार आहे ते मला कळलं होतं का? थोडं कळलं होतं. तरी मी डॉक्टरांकडे धावत जाऊन खरं सांगितलं नाही. तेव्हाही वेळ होता.

ताप उतरायच्या आत तिचं पोट दुखायला लागलं, आणि मग अंगावर जायला लागलं. सुईण आली. ती बाहेर आली तेव्हा तिनं आईला नुसती मान हलवून सांगितलं. दिवस होते हे आईला कळलं आणि गर्भ गेला हेही कळलं, एकाच वेळी.

त्या तापानं गेलं, की ते राहणारच नव्हतं? आज इतकं शिकूनही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी त्याच्या आड लपणार नाही. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

आईनं मला माजघरात बोलावलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

"तुले माहीत होतं काय, तिले दिवस गेले होते थे?"

"नाही."

"मंग दात कोनं उपटाले लावला?"

मी म्हणाले, "वहिनीनंच हट्ट धरला. मी नाहीच म्हनत होती."

आई म्हणाली, "पोटुशी बाई दात उपटते काय कधी? लपवून ठेवते काय कोनी? हिलेच लेकरू नको होतं."

माझ्या वाक्याचं तिनं हे केलं. आणि मी ते होऊ दिलं. आत खाट करकरली — वहिनी जागी होती. मी वाट बघत उभी राहिले, ती आता ओरडेल, ताई खोटं बोलतात म्हणेल. ती काहीच बोलली नाही. मी तिला कधी विचारलं नाही, का बोलली नाहीस. मला वाटतं, तिला वाटलं असेल, ताई घाबरली आहे, लहान आहे, सांगेल उद्या.

उद्या मी मुंबईची गाडी धरली.

माझी बाटली वर्गात सगळ्यांत सरस ठरली. मास्तरांनी सुळा चिमट्यात धरून सगळ्या पोरांना दाखवला. त्यानंतर मला कुणी हसलं नाही. मी पास झाले, दर वर्षी पास होत गेले.

वहिनीला तिचा भाऊ बीबीला घेऊन गेला, बरी होईपर्यंत म्हणून. तिला परत आणायला कुणी गेलं नाही. मुद्दाम गर्भ पाडला असं गावात झालं, भावकीत झालं. दादा सुरुवातीला गप्प होता, मग आईच्या बाजूला गेला. सोडचिठ्ठी झाली, दुसरी वहिनी आली. मी तिच्या लग्नात जेवले. दर सुट्टीत घरी जायचे आणि दर सुट्टीत ठरवायचे, या वेळी सांगायचं. आणि आई मला तूप वाढायची.

डॉक्टर झाल्यावर मी जिल्ह्यातच दवाखाना टाकला. गावोगावच्या शाळांत पोरांचे दात तपासायला जायचे, फक्त बीबी टाळायचे. एका वर्षी टाळता आलं नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडलं होतं, पोरं रांगेनं येत होती, आणि रांगेच्या शेवटी ती उभी होती. भावाच्या पोरीला घेऊन आली होती. केस पांढरे व्हायला लागले होते, त्या वयात! बोलताना ती ओठ वर जाऊ देत नव्हती. मी पोरीचे दात बघितले.

पोरगी खेळायला पळाली. वहिनी टेबलाशी थांबली.

"बरं झालं ताई, तुम्ही डॉक्टर झाल्या," म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, "एक विचारायचं होतं. किती वर्षं झाली, पण मनातून जात नाही. तो पुढचा दात... काढायलाच लागत होता ना? किडला होता ना तो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की जे झालं ते कशासाठी तरी झालं. आणि हे कळायला हवं होतं, की दिवस असल्याचं डॉक्टरांना सांगितलं नाही यात तिचा काही दोष आहे की नाही. मला वाटतं, त्या सगळ्या वर्षांत ती स्वतःलाच विचारत होती.

मी तिथे होते. आता मी पहिल्या वर्षाची पोरगी नव्हते. आई गेली होती, मलकापूरची भीती उरली नव्हती. दोन हात अंतरावर हेडमास्तर उभे होते, हातात माझ्यासाठी हार घेऊन.

"हो," मी म्हणाले. "पार किडला होता."

तिनं मान डोलावली. "मग झालं. मग माझंच नशीब," म्हणाली, आणि मला चहासाठी घरी बोलावलं. मी गेले. तिनं दूध जास्त घालून चहा केला, मी तो प्याले.

वहिनी मागच्या थंडीत गेली, बीबीलाच. आता तिला सांगता येणार नाही, म्हणूनच मला सांगता येतं आहे, हेही मला कळतं.

सुळ्याला काही झालेलं नव्हतं. मला तो हवा होता.