घड्याळातली तान

लेकीने दिलेलं स्मार्ट घड्याळ मनगटावर आलं आणि मी आजारी पडायच्या तयारीला लागलो.

त्या दिवशी शहाद्याच्या बसस्टँडवर दुपारभर ताटकळून घरी आलो, ओट्यावर टेकलो आणि मनगट बघितलं. ताण जास्त! बघूनच धडधड वाढली आणि धडधडीने आकडा आणखी चढला. हृदयाचंच काही निघालं तर? चिंचपाड्याच्या दवाखान्यात सोबत कोणाला न्यायचं, हेही मी ठरवून टाकलं.

माय शेजारी तूर निवडत होती. "काय व्हयनं रे?"

"घड्याळ तान दखाडी ऱ्हायनं, माय."

आमच्या घरी 'ण' कोणाच्याच जिभेवर बसत नाही, आणि तहानेलाही आम्ही तानच म्हणतो.

"तान लागनी तं पानी पी ना! घड्याळले काय इचारस?" तिने तांब्या पुढे सरकवला.

समजावण्यापेक्षा पिणं सोपं होतं. तांब्या रिकामा झाला, थोड्या वेळाने आकडाही उतरला. लेकीला फोन केला, तर ती हसत सुटली. "पप्पा, ते नुसते ठोके बघतं. ऊन, तहान की तुमची काळजी, त्याला कुठलं कळायला?"

मी निर्धास्त झालो. मग खात्री करायला पुन्हा मनगट बघितलं.

"माय, अजून एक तांब्या दे."