चौऱ्याण्णव खुणा

मी मुळात भित्रा माणूस. दुकानाला कुलूप लावलं की चौकापर्यंत जातो आणि परत येऊन कुलूप ओढून पाहतो. गॅस बंद केला का, हे बायकोला रस्त्यातून दोनदा विचारतो. पण कामाच्या टेबलावर बसलो की हा भित्रेपणा कुठं जातो कोण जाणे. तिथं माझ्यासारखा फुशारकी मारणारा दुसरा सापडायचा नाही.

वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या ओळीत माझं छोटंसं दुकान आहे. ट्रकला जीपीएस बसवायचा, बिघडलेला काढायचा, एका यंत्रातली माहिती दुसऱ्यात घालायची, हा माझा धंदा. धंद्यात माझा एक नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. माहिती नव्या यंत्रात गेली की जुनं तिथल्या तिथं कोरं करायचं. नाहीतर एकच ट्रक एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतो आणि मालक फोनवर शिव्या घालतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं घराणं मासेमारांचं, पण वडील सावनेरकडे कोळशाच्या खाणीत लागले आणि आम्हा भावंडांचा पाण्याशी संबंध नळापुरता उरला. पोहता दोघांनाही येत नाही. लहानपणी मी वडिलांचा रेडिओ उघडून बसलो होतो आणि तो काही परत मिटला नाही. ताईनं सांगितलं, 'माझ्या हातून पडला.' मार तिनं खाल्ला. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. यंत्रं दुरुस्त करण्याची माझी सुरुवात अशी झाली.

लग्नानंतर ताई पुन्हा पाण्यावर गेली. भाऊजींचं गाव कुहीच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या काठावर. धरण भरलं तेव्हा आतली सगळी झाडं काही कोणी तोडली नाहीत. पळसाचे, मोहाचे खुंट, पडक्या भिंती, विहिरींचे काठ तसेच खाली राहिले. पावसाळ्यात त्यांच्यावर दोन-तीन पुरुष पाणी असतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि खुंट पाण्याखाली वीतभरावर येऊन उभे राहतात. वरून काही दिसत नाही.

भाऊजींकडे हातात मावेल असा एक जुना जीपीएस होता. पूर्वी त्यांनी सर्वेक्षणाच्या एका साहेबाला महिनाभर डोंग्यातून, आपल्या छोट्या नावेतून, फिरवलं होतं, त्यानं जाताना तो देऊन टाकला. त्यात भाऊजी जागा साठवत गेले. मासा लागला तिथं माशाचं चित्र. खुंट असेल, जाळं फाटेल, तिथं कवटीचं. नावं मात्र एकाही जागेला नाहीत, यंत्रानं आपोआप दिलेले आकडे तेवढे. याला कारण होतं. त्यांच्या गावचे मासेमार पाण्यावर जागेचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की मासा जागा सोडतो म्हणतात. दुसऱ्या कोणी वाचू नये हेही असेलच.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींची शुगर डोळ्यांत उतरली. तेव्हापासून ताई डोंग्यात पुढं बसते. यंत्र मांडीवर घेते आणि सांगते, कवटी आली, डावीकडे घ्या. भाऊजी मागं इंजिन धरतात आणि ती सांगेल तसं वळतात.

गेल्या एप्रिलमध्ये दोघं दुकानात आले. जुन्या यंत्राचा पडदा विझत चालला होता, म्हणून त्यांनी नवा फिशफाइंडर घेतला होता. मोठा पडदा, खाली किती पाणी आहे ते दाखवणारा, मासा दाखवणारा. तो फक्त डोंग्याच्या खालचं पाहतो, पुढचं नाही. खुंट त्यात दिसेपर्यंत डोंगा खुंटावर गेलेला असतो. म्हणजे जुन्या खुणा नव्यात येणं गरजेचंच होतं.

दुकानात दोन ट्रान्सपोर्टवाले आणि त्यांचे ड्रायव्हर उभे होते. भाऊजींना माझी थट्टा करायला असे लोक लागतातच.

"काय साळेसाहेब, जमंल ना? नाहीतर ट्रकच्या संगं माहे मासेबी रायपूरले धाडून देसान."

"भाऊजी, चहा संपायच्या आत देतो," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

आणि दिलंही. जुनं यंत्र वायरीनं लॅपटॉपला जोडलं, खुणांची फाइल काढली, मेमरी कार्डावर घेतली, कार्ड नव्या यंत्रात घातलं. पडद्यावर आकडा आला, चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव, मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मग सवयीनं जुनं यंत्र कोरं केलं.

ताई नवं यंत्र हातात घेऊन बराच वेळ पाहत होती. बोटानं नकाशा इकडून तिकडं सरकवत होती.

"सारं आलं ना गा?" तिनं हळूच विचारलं.

"मोजून घे," मी म्हणालो. ड्रायव्हर हसले. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि यंत्र खोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी लॅपटॉपवरच्या जुन्या फाइली पुसत बसलो होतो. ताईची फाइल पुसण्याआधी सहज उघडली. आत प्रत्येक खुणेपुढं तिचा आकडा, तिची जागा आणि एक शब्द होता. मासा. मासा. कवटी. कवटी. मासा. कवटी.

काल नव्या पडद्यावर मी काय पाहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. निळे ठिपके. सगळे निळे ठिपके, एकसारखे. एका कंपनीची चित्रं दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला कळत नाहीत. ज्याला नाव आहे त्याचं नाव येतं. इथं नाव कुठं होतं? नुसते आकडे. मी जागा मोजल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या. ट्रकच्या धंद्यात चित्रांकडे कोण पाहतो!

मासा समजून जिथं इंजिन जोरात न्यायचं तिथं कवटी असू शकत होती. ताई पुढं बसलेली. तिला पोहता येत नाही.

फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. भाऊजींचा लावला, तोही तसाच. म्हणजे दोघं पाण्यावरच होते, कारण गावात रेंज असते आणि मधल्या पाण्यात नसते. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला, दुकानाचं शटर ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुलूप न तपासता निघालो.

वाडीहून कुही म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं. दुचाकीवर मी प्रत्येक सिग्नलला फोन लावत होतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर या कामात पटाईत. दिघोरीपर्यंत मी डोंगा उलटवला होता. उमरेड रोडला लागेपर्यंत ताईची चप्पल पाण्यावर तरंगत होती. पाचगावाजवळ एका ट्रकनं कट मारला, त्याचं मला काहीच वाटलं नाही. एवढंच वाटत होतं की भाच्यांना फोन मी करायचा की बायकोला करायला सांगायचा. असा विचार मनात आल्याची लाजही वाटत होती आणि तो थांबतही नव्हता.

काठावर दोन-तीन डोंगे ओढून ठेवलेले होते. भाऊजींचा नव्हता. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सकाळीच गेले थे. येतीन ना आता." त्याच्यासाठी तो रोजचा दिवस होता. मी काठावर उभा राहिलो. उन्हानं पाणी असं चकाकत होतं की पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी आलं. तासभर तरी उभा असेन. त्या तासात मी जेवढे देव आठवले तेवढे एरवी वर्षभरात आठवत नाही.

मग लांबून डोंगा दिसला. इंजिनाचा आवाज नव्हता. भाऊजी वल्हं मारत होते आणि ताई वाकून डब्यानं आतलं पाणी बाहेर फेकत होती. काठाला लागेपर्यंत ती थांबली नाही. साडी कमरेपर्यंत भिजलेली होती. मला पाहून म्हणाली, "तू कुठीसा आला गा?" तिचा हात धरून मी तिला उतरवलं आणि हात सोडायचं विसरून गेलो.

डोंग्याची एक फळी फुटली होती, इंजिनाचा पंखा तुटला होता. भाऊजी चिडलेले होते. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एवढी मोठी नवी मशीन, तुह्या भावानं चहा संपाच्या आत भरून देल्ली, आन् हिले एक खुंट सांगता आला नाही. कुठी पाहून राहिली होती वं?"

ताई साडीचा पदर पिळत राहिली.

खरं सांगायचं तर मीही गप्पच राहिलो. ती घरात जाऊन साडी बदलून आली, तिनं चहा टाकला, भाऊजींनी पाय धुतले, तोवर मी गप्प होतो. यंत्र मी चुकीचं भरलं आहे हे तिघांपैकी फक्त मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. ते तसंच राहू दिलं तर? लॅपटॉप पिशवीत होता. 'जरा सेटिंग पाहतो' म्हणून गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. चहाची बशी हातात घेतली आणि मला सावनेरचं ते दार आठवलं, ज्याच्या आड मी उभा होतो.

"भाऊजी," मी म्हणालो, "चूक ताईची नाही. माझी आहे. कवट्या आल्याच नाहीत. सगळ्या खुणा एकसारख्या झाल्या. मी पाहिलं नाही."

भाऊजींनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता बरसणार. पण ते ताईकडे वळले.

"तुले समजलं होतं?"

"हो."

"कवा?"

"काल. दुकानातच."

"मंग बोलली काहून नाही?"

ताईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माह्या भावाचं दुकान होतं थे," ती म्हणाली. "चार लोक उभे होते. तुमी हसले असते. अन् मले सारे पाठच तं आहेत. आज एकच चुकला."

मोठ्या मनानं कबुली देणारा मी, आणि माझी अब्रू राखायला ती काल संध्याकाळपासून सगळं जाणून गप्प होती. जाणूनच आज पाण्यावर गेली होती, पोहता येत नसताना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भाऊजी उठून काठावर गेले आणि बराच वेळ फुटक्या फळीवर हात फिरवत राहिले.

त्या दुपारी ओसरीवर बसून मी एकेक खूण लावली. लॅपटॉपवर आकडा वाचायचा, यंत्रात तो ठिपका शोधायचा, चित्र बदलायचं. झटपट करायची युक्ती मला येत होती, पण झटपट या शब्दाचीच मला भीती बसली होती. ताई शेजारी बसून प्रत्येक खुणेला मान हलवत होती. लॅपटॉप वाचायच्या आधीच तिला माहीत असायचं. चौऱ्याण्णव झाल्या. मग तिनं यंत्र माझ्याकडून घेतलं, आज जिथं आदळले ती पंच्याहत्तर आकड्याची कवटी पुन्हा एकदा पाहिली आणि परत दिलं.

रात्री मी तिथंच राहिलो. सकाळी भाऊजींनी शेजाऱ्याचा डोंगा मागून आणला. ताई पदर खोचून निघाली, तर ते म्हणाले, "तू ऱ्हाय वं घरी. आज साळेसाहेब बसतीन समोर."

ते हसून म्हणाले, पण थट्टा नव्हती ती. मी ताईकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं होतं, मला वाचवायला काहीतरी बोलणार होती. ती बोलायच्या आत मी डोंग्यात पाय टाकला.

यंत्र मांडीवर घेतलं. ताई काठावर उभी होती. ती काठावर आणि मी पाण्यात, असं आम्ही कधीच उभे राहिलो नव्हतो. मधल्या पाण्यात आलो तशी पडद्यावर पहिली कवटी सरकत पुढं आली.

"कवटी," मी ओरडलो. "डावीकडे घ्या!"

भाऊजींनी वळवलं. मी वाकून उजवीकडे पाहिलं. वीतभर पाण्याखाली काळा खुंट, मांडीएवढा जाड, अगदी हाताला लागेल असा जवळून गेला. मग दुसरा. मग तिसरा. काल ताई यांच्यामधून पाठांतरावर गेली होती. मी पुढच्या खुणेकडे पाहायला लागलो.