एगैलाच्या वहिनींची इटालियन गाडी

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी कुवेतच्या रस्त्यांवर चिनी गाड्या दिसायला लागल्या, आणि त्यातल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक आमच्याकडे आली. ती मला नको होती. पण ती माझ्यासाठीच आली होती, त्यामुळे तसं बोलायची सोय नव्हती.

आम्ही नाशिकचे. नव्वदच्या दशकात कुवेतला आलो आणि महबूलाला समुद्राच्या अंगाला एका फ्लॅटमध्ये राहायला लागलो. नवरा तेलशुद्धीकरणाच्या कामातल्या एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर. त्याला न्यायला कंपनीची बस यायची. मी एका भारतीय शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेच्याच बसने जायचे. लेकही त्याच शाळेत. वर्षानुवर्षं असंच चाललं. मग कधीतरी मी हट्टाने लायसन्स काढलं. परीक्षेत नापास होऊन, परत शिकवणी लावून, एका कडक हवालदाराच्या शेजारी बसून घाम गाळून ते मिळवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "आता तुला गाडी घेऊ. नवी कोरी."

आम्हाला परवडेल त्यात जुनी जपानी गाडी मिळत होती, किंवा नवी चिनी. नवऱ्यातला इंजिनिअर जागा झाला. जेवताना ताटातल्या चपातीवर बोटाने आकृत्या काढून त्याने मला समजावलं, "त्यांच्याकडे एकच साचा दोन-तीन कंपन्या वापरतात. एकीने गाडी बनवायची, दुसरीने पुढची जाळी बदलायची, तिसरीने नुसतं नाव बदलायचं. आत सगळं तेच. इंजिन तर जपान्यांचंच, जुनं, त्यांच्या परवानगीने बनवलेलं. मग काय वाईट आहे?"

वाईट काही नव्हतं. पांढरी, छोटी, चार दारांची गाडी. समोरून ती एका प्रसिद्ध जपानी गाडीसारखी दिसायची आणि मागून दुसऱ्याच एका कोरियन गाडीसारखी. आत बसलं की नव्या प्लास्टिकचा वास यायचा, आणि तो महिनोन्‌महिने गेला नाही. शाळेत शिक्षकांच्या पार्किंगमध्ये मी ती लावली त्या पहिल्या दिवशी विज्ञानाच्या बाई गाडीभोवती फिरल्या. नाव वाचलं. परत वाचलं. मग "छान आहे हो, रंग छान आहे," म्हणाल्या. रंग पांढरा होता. कुवेतमध्ये निम्म्या गाड्या पांढऱ्या असतात.

आमच्या मराठी मंडळींत एगैलाला राहणारं एक पुण्याचं जोडपं होतं. आम्ही त्यांना एगैलाच्या वहिनी आणि भावजीच म्हणायचो. भावजी एका पेट्रोकेमिकल कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते, बोलायला मऊ, हसले तरी आवाज न करणारे. वहिनी मात्र सगळ्या कार्यक्रमांच्या सूत्रधार. हळदीकुंकू असो की सहल, शेवटचा शब्द त्यांचा. मला त्यांचा थोडा धाक वाटायचा आणि थोडा हेवाही.

एका हळदीकुंकवाला त्यांना आमच्या गाडीचं कळलं. वाण हातात धरून त्या बायकांच्या घोळक्यात मोठ्याने म्हणाल्या, "चायनाची गाडी? अगं, चायनाची खेळणी घ्यावीत. गाडीत पोरांना बसवायचं असतं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. शेजारी माझी तेरा वर्षांची लेक हातात सरबताचा ग्लास घेऊन उभी होती. ती हसली नाही. माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधीच्या वळणावर ती म्हणाली, "आई, ड्रॉप मी हिअर. आय विल वॉक."

"का गं? गेट पुढे आहे."

"प्लीज, आई."

मी थांबवली गाडी. ती उतरली आणि दप्तर पाठीवर टाकून भिंतीच्या कडेने चालू लागली. तिच्याच बाजूने गाडी हळूहळू नेत मी पुढे गेले. तिने मान वळवली नाही. त्या दिवशी फळ्यावर समीकरण मांडताना माझी चूक झाली, आणि ती एका विद्यार्थ्याने दाखवून दिली. पुढे दोन वर्षं, म्हणजे दहावी होईपर्यंत, लेक त्याच वळणावर उतरत राहिली. मी तिला कधी रागावले नाही. तिला जे वाटत होतं ते मलाही वाटत होतं, मग रागवायचं कोणत्या तोंडाने?

काही महिन्यांनी कळलं की वहिनींकडेही नवी गाडी आली आहे. भावजींची कंपनीची मोठी जीप होती ती जाऊन ही आली, एवढं कानावर होतं. पण वहिनींच्या सांगण्यात जीपचा विषय नसे. "इटालियन आहे," त्या म्हणायच्या. गाडीचं नावही तसंच होतं, शेवटी 'ओ' येणारं, उच्चारताना तोंड गोल करायला लावणारं. "यांना युरोपियन गाड्यांचीच आवड आहे." ती गाडी अजून आम्ही कोणी पाहिली नव्हती.

उन्हाळा लागायच्या सुमारास एका शुक्रवारी फरवानियाला सत्यनारायण होता. सिंधुदुर्गाकडच्या एका एसी टेक्निशियनने बायकोमुलांना नुकतंच कुवेतला आणलं होतं, त्याची ही पूजा. इमारतीशेजारच्या रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर सगळ्यांनी गाड्या लावल्या आणि आम्ही वर गेलो. एगैलाचे वहिनी-भावजी मागाहून, पूजा सुरू झाल्यावर पोहोचले. पूजा चालू असतानाच बाहेर अंधारून आलं. धुळीचं वादळ. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावले गेले, शिऱ्यातही बारीक कचकच लागली. जेवणं होईपर्यंत वारा पडला होता. लेकीला क्लास होता म्हणून आम्ही सगळ्यांच्या जरा पुढे निघालो.

खाली सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या, भिंतीसारख्या मातकट. नवरा आणि लेक मागे रेंगाळले होते. मी पुढे जाऊन आमच्या गाडीच्या दाराला किल्ली लावली, दार उघडलं, आत बसले. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. काच पुसायला पाण्याची दांडी ओढली, पाणी उडालं, आणि तेव्हा मला समोर डॅशबोर्डवर चिकटवलेला चांदीचा गणपती दिसला. आमच्या गाडीत गणपती नव्हता.

काचेवर कोणीतरी जोरात टकटक केलं. एगैलाच्या वहिनी. साडीचा पदर नाकावर धरलेला.

"अगं, काय करतेस? ही आमची गाडी आहे!"

मी खाली पाहिलं. स्टीअरिंगच्या मध्यभागी वेगळं चिन्ह होतं. बाकी सगळं, पंख्याच्या बटणापासून दाराच्या खिशापर्यंत, माझं होतं. मी धडपडत बाहेर आले. "वहिनी, चुकले हो. मला वाटलं… माझ्या किल्लीनेच उघडली."

"तुझ्या किल्लीने कशी उघडेल?"

तोवर निरोप द्यायला खाली आलेला यजमान तिथे पोहोचला. त्याच्या मागून बाकीचीही मंडळी. त्याने हाताने बॉनेटवरची धूळ पुसली, चार पावलं पलीकडे जाऊन आमच्या गाडीच्या बॉनेटवरची पुसली, आणि कमरेवर हात ठेवून आनंदाने ओरडला, "अरे, ही तर जुळी आसत!"

मनात काही वाईट नव्हतं त्याच्या. त्याने भावजींच्या हातातली किल्ली मागून घेतली आणि आमच्या दाराला लावली. तेही उघडलं. सगळे हसले. माझी लेक तर टाळ्या पिटत म्हणाली, "सेम टू सेम! आई, इट्स द सेम कार!" नवऱ्याने उत्साहाने साच्यांचं, जाळ्यांचं आणि मोजक्याच किल्ल्यांवर भागवलेल्या कुलपांचं सांगायला सुरुवात केली. मी त्याचा दंड दाबला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्या भावजींकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुम्ही तर मला इटलीची आहे म्हणून सांगितलं होतंत! मी सगळ्यांना तेच सांगत फिरले."

हसणं थांबलं.

भावजी बुटाच्या टोकाकडे बघत होते. "हो," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं."

एवढंच. वहिनी मागच्या सीटवर बसल्या, भावजींनी गाडी काढली. आमच्या गाडीत लेक अजून हसत होती. मी तिला इतक्या जोरात "गप्प बस" म्हणाले की ती घरापर्यंत बोलली नाही. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कोणाच्या तरी घरात चुकून शिरावं आणि तिथलं माणूस उघडंवाघडं दिसावं, तसं वाटत राहिलं.

त्यानंतर ते दोघे कुठे दिसले नाहीत. घोळक्यात कधी विषय निघे. "एवढा शिकलेला माणूस, बायकोशी खोटं बोलतो," असं बायका म्हणत. मी विषय बदलायचे.

भर उन्हाळ्यात एका दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. गाडी एगैलाच्या मॉलच्या पार्किंगमध्ये गरम होऊन बंद पडली होती, आणि ज्या शोरूममधून घेतली ती केव्हाच कायमची बंद झाली होती. भावजी साइटवर होते. "तुझ्या गाडीचं वर्कशॉप कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला फोनवरही कळलं.

मी त्यांना घेऊन शुवैखला, आमच्या गाडीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर गेले. रेडिएटरचा पंखा जळला आहे, असं पार्किंगमध्येच एका मेकॅनिकने पाहून सांगितलं होतं. काउंटरवरच्या माणसाने वहिनींच्या गाडीचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "ही आमची गाडी नाही," तो म्हणाला. मी माझ्या गाडीचे कागद पुढे केले. त्याने माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि आतून खोकं आणून ठेवलं.

परतीच्या वाटेवर वहिनी खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय?"

"गाडीचं. घेतली त्याच आठवड्यात. सीटबेल्टला खाली शिवलेल्या कापडी पट्टीवर चिनी अक्षरं होती. यांची नोकरी खालच्या जागेवर आली होती, जीप परत गेली होती. मला वाईट वाटू नये म्हणून इटलीची म्हणाले. मी मानलं. म्हणजे मानल्यासारखं केलं. मग तेच मिरवत सुटले." त्यांनी खोक्याची सुटलेली चिकटपट्टी नखाने दाबून बसवली. "आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना पुढे केलं. माझं तोंड वाचावं म्हणून."

सिग्नल हिरवा झालेला मला मागच्याच्या हॉर्नने कळला.

त्यांच्या घरी पोहोचलो तर भावजी लवकर परतले होते. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "या, या. चहा टाकतो." वहिनी खोकं हातात धरून स्वयंपाकघराच्या चौकटीतच उभ्या राहिल्या. मी आहे हे त्या विसरल्या असाव्यात, किंवा मी असतानाच बोलायचं त्यांनी ठरवलं असावं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला पहिल्यापासून माहीत होतं. ती अक्षरं मी पाहिली होती."

भावजींनी गॅसची ज्योत कमी केली. "ठाऊक आहे मला. पट्टी उलटी करून शिवून टाकलीस तूच. मी पाहिलं होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"इतक्या लोकांत तुला खोटी पाडू?"

वहिनींनी खोकं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून गॅलरीच्या काचेशी उभी राहिले. खालून कोणाच्या तरी एसीच्या पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता. दोन माणसांच्या संसारात आपण उभ्या आहोत आणि बाहेर जायचा दरवाजा त्यांच्या पलीकडे आहे, असं ते होतं. मला माझ्याच असण्याची लाज वाटत होती. चहा आला तो मी उभ्यानेच प्यायले, जीभ भाजली, आणि ती दोघं नको नको म्हणत असताना कप विसळून ठेवले.

पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या सभेला दोघं आले. गणपतीची वर्गणी ठरत होती. मधेच वहिनी उठल्या आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाल्या, "यांनी मला फसवलं नव्हतं. मी बोलले ते खोटं होतं." एवढं म्हणून बसल्या. कोणाला काही कळलं, कोणाला नाही. कशाबद्दल चाललंय, असंही एकीने कुजबुजत विचारलं. भावजी कानामागे लाल झाले होते. त्यांना हे नको होतं हे स्पष्ट दिसत होतं, आणि वहिनींना त्यावाचून राहवलं नसतं हेही.

वर्षभराने ते पुण्याला परतायला निघाले. त्यांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी भंगारवाल्याने ओढून नेली. ती नेताना दोघंही खाली उतरले नाहीत, असं त्यांच्या इमारतीच्या रखवालदाराने मला सांगितलं.