बर्फगाडीचा मीटर

गाडीचा वेग वाढवून द्या म्हणून कुणी आलं, की चाचा आधी विचारायचे, "घरात कोण कोण आहे?" गिऱ्हाईक सौदी असो, पाकिस्तानी असो, नाहीतर आपल्याकडचा एखादा शहाणा असो, उत्तर मिळेपर्यंत गाडीला हात लावायचे नाहीत. आई आहे, बायको आहे, दोन बहिणी आहेत, असं सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि मग "बरं, ठेवून जा" म्हणायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चौकशांची हौस आहे. आपल्या कोकणी माणसाला असतेच ती.

दाभोळच्या खाडीकाठचे चाचा रियाधच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, बावीस वर्षं मेकॅनिक होते. गाव सोडताना मिशा काळ्या होत्या, म्हणायचे, आता गावाला गेलो तर कुत्रं भुंकतं. ते इथून गावी परत गेले त्याला आता वर्ष होईल. माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या गाडीच्या एसीमुळे. मी नुकतीच इथं गाडी चालवायला लागले होते, अल मलाझमधल्या घरून बँकेत जायचं आणि परत यायचं, एवढ्यातच माझा जीव मेटाकुटीला यायचा. एके दिवशी एसी बंद पडला आणि मी त्या गॅरेजात शिरले. मोडक्या हिंदीत तक्रार सांगत होते तर गाडीखालून आवाज आला, "मराठीत बोल गो बाय, मला हिंदी तुझ्यासारखीच येते." त्या दिवसापासून मी त्यांची बाय झाले. होळीला मी पोळ्या न्यायची, ते गावाहून आलेली आमसुलं द्यायचे, आणि माझ्या ब्रेक दाबण्याच्या पद्धतीवर यथेच्छ बोलायचे.

इंजिनावर तळहात ठेवून ते गरमी सांगत. वाळूत पळवायच्या चारचाकी बाइका घेऊन पोरं दर आठवड्याला यायची, त्यातली निम्मी तर फक्त चाचांसाठी. चाचांच्या हातून गेलेली बाइक उडते, असा त्यांचा लौकिकच होता. गॅरेजचा मालक, चाचांचा कफील, म्हणजे इथला त्यांचा जामीनदार, शांत माणूस. तोही कौतुकाने म्हणायचा की माझं गॅरेज म्हणजे हे दोन हात.

त्या कफीलचा मुलगा नवाफ. कॅनडात शिकून आला आणि येताना काय आणावं माणसानं? बर्फावर चालायची गाडी! पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, आणि रियाधला बेचाळीस अंश ऊन. चाचांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो सरबतातला. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "बाय, ही मासळी वाळूवर टाकून पळ म्हणतायत."

पण महिन्याभरात त्यांनी ती गाडी आतून-बाहेरून समजून घेतली. उडणारा बर्फच तिच्या अंगाला थंड ठेवतो आणि पट्ट्याखालच्या घसरपट्ट्यांना वंगणही तोच पुरवतो. वाळू यातलं काहीच करत नाही, उलट खरवडते. मग चाचांनी पंखा बसवला, घसरपट्ट्यांच्या जागी छोटी चाकं घातली. नवाफ रोज येऊन एकच विचारायचा, वेग किती मिळेल? चाचा त्याला समजावून सांगायचे. पट्ट्याचे दात मोठे केले तर वाळूत पकड येईल, पण तेच दात पुढे वेग खातील. गिअर लहान केला तर सुटताना झटका बसेल, पण वरचा वेग उतरेल. "एक दिलं की एक काढून घेते ही गाडी," ते म्हणायचे. नवाफ हसायचा. "मला काहीच काढून घ्यायचं नाहीये, चाचा. मला सगळं द्या." चाचांनी त्यालाही विचारलं होतं, घरात कोण कोण आहे. "आई," तो म्हणाला, "बाकीचे आहेतच, पण आई."

थंडी पडली तेव्हा एका शुक्रवारी आम्ही सगळे लाल वाळूच्या टेकड्यांवर गेलो. नवाफचे दहा-बारा मित्र, त्यांच्या बाइका, चाचा, आणि मी व माझा नवरा. बर्फगाडी सुरू झाली तेव्हा तिचा आवाज पोटात घुमला. सुटताना असा झटका बसला की नवाफचं डोकं मागे गेलं. लांब वळसा घालून तो परत आला आणि ओरडला, "एकशे चाळीस!" पोरांनी त्याला उचलूनच घेतलं. चाचा बाजूला उभे राहून चहा पीत होते.

आणि मग माझी मेली हुशारी आडवी आली. माझ्या मोबाइलवर एक अ‍ॅप होतं, उपग्रहावरून खरा वेग दाखवणारं. मला त्याचं कोण कौतुक! मी नवाफला म्हटलं, हा खिशात ठेव आणि पुन्हा एकदा जा. तो गेला, आला, मोबाइल परत दिला. मी आकडा पाहिला आणि फिदीफिदी हसत सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाले, "अरे, ब्याण्णवच!"

कुणी हसलं नाही. मी चाचांकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पोरांनी एकेक बाइक तपासली. चाचांच्या हातची प्रत्येक बाइक मीटरवर उडत होती आणि वाळूवर रांगत होती. नवाफने विचारलं, "हे काय आहे, चाचा?" चाचा म्हणाले, "मीटर चाकाचे फेरे मोजतो, बेटा. मी त्याला जास्त मोजायला शिकवलं." एवढंच म्हणाले आणि कप धुवायला गेले. मित्रांसमोर नवाफची झालेली शोभा मला आजही दिसते.

परतताना चाचा आमच्या गाडीत बसले. अर्ध्या रस्त्यात आपणच बोलायला लागले. पूर्वी ते जेद्दाहला, अझीझियातल्या एका गॅरेजात होते. तिथं एका पोराला त्यांनी बाइक खरोखरची पळती करून दिली होती, आणि मनापासून करून दिली होती. पंधरा दिवसांत पोरगा गेला. पोलिसांनी चाचांना बसवून ठेवलं. मग पोराचा बाप आला आणि माझी या माणसाविरुद्ध तक्रार नाही, असं लिहून अंगठा उठवून गेला. "शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो गो," चाचा म्हणाले. "माफ करून गेला. त्यानंतर मी कुणाला खरा वेग दिला नाय. झटका दिला, आवाज दिला, काटा वर नेला. पोरं खूश, आणि घरची माणसं पण..."

मी म्हटलं, "हे कफीलला सांगा ना! आत्ताच्या आत्ता सांगा." ते म्हणाले, "जित्या पोराच्या बापापुढं मेलेल्या पोराची गोष्ट काढू? जीभ रेटत नाय. आणि तू पण काढायची नाय. शब्द दे." मी दिला. तो मी पाळला, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून क्षमा केलेली नाही. ब्याण्णव हा आकडा मला ओरडून सांगता आला. ही गोष्ट मात्र हळू आवाजातसुद्धा सांगता आली नाही.

कफील वाईट माणूस नव्हता. नवाफने घरी सगळं सांगितल्यावर तो चाचांना म्हणाला, गाडी हळू केलीस त्याचा राग नाही, बावीस वर्षं मला खोटं दाखवलंस. चाचा मला म्हणाले, "बरोबर बोलला तो. खोटंच होतं." इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द झाला, कायमचं परत जायचा शिक्का, तो खुरूज, पासपोर्टावर बसला. खलास. विमानतळावर सोडायला मी गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तुझे मागचे ब्रेक पातळ झालेत, महिन्याभरात बदल." मला तिथंच हुंदका आला. ते मात्र खोक्याला दोरी नीट बांधली आहे की नाही, तेवढंच पाहत राहिले.

नव्या मेकॅनिकने बर्फगाडीचा मीटर सरळ केला, गिअर बदलले, पट्टा बदलला. नवाफला हवं ते सगळं दिलं. थंडी सरायच्या आत नवाफ गेला. टेकडीच्या माथ्यापलीकडे उतार असेल असं त्याला वाटलं, आणि पलीकडे काहीच नव्हतं.

मी चाचांना फोन केला. नवाफचं सांगितलं. ते म्हणाले, "मला आता तिथं यायला मिळणार नाय. तू जा माझ्या बदली."

"मी कुठल्या तोंडानं जाऊ, चाचा?"

"तोंडाचं काम नाय तिथं. जाऊन बस नुसती." मग म्हणाले, "त्याची आई विचारेल, किती वेगात होता म्हणून. बायका विचारतात. आकडा सांगू नको गो बाय."

आकडा मला ठाऊक होता. त्या शुक्रवारनंतर नवाफने माझ्यासारखंच अ‍ॅप घेतलं होतं, आणि त्या दिवशी ते त्याच्या खिशात चालू होतं. त्याच्या मित्राने मला तो आकडा सांगितला होता, मी न विचारता.

नवाफच्या घरी बायकांच्या बाजूला खोली भरली होती. कुणी काहवा, त्यांची वेलचीची कॉफी, देत होतं, कुणी पुटपुटत प्रार्थना म्हणत होतं. ही चाचांकडची, असं माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं, तेव्हा नवाफच्या आईने मला जवळ बसवून घेतलं. लहानखुरी बाई, माझ्याच वयाची असावी. मला अरबी मोडकीतोडकी येते हे ओळखून तिने एकेक शब्द सावकाश उच्चारला. "तुला गाड्यांतलं कळतं म्हणतात. खरं सांग. किती वेगात होता माझा मुलगा?"

"फार नव्हता," मी म्हणाले. "हळू चालला होता."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघत मान हलवली. "मग त्याला फार दुखलं नसेल," ती म्हणाली.