पेट्रोलची चूळ

"तो ग्लास नको. वरून घाल त्याला."

मॅडम ओरडून बोलल्या नाहीत. मोबाइलवरून नजरही उचलली नाही. झाडांना पाणी घाल म्हणावं, तसं बोलल्या. त्यांच्याकडे स्वयंपाकाला असलेली सुनंदाताई हातातला स्टीलचा ग्लास घेऊन परत आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी अंगणात उकिडवा बसलेलो. नळीने पेट्रोल ओढताना घोट आत गेला होता. जीभ सोललेली, डोळ्यांतून धारा, छातीत आग. ताईने मान खाली घालून वरून धार सोडली. आणि माझे हात, कुणी न सांगता, ओंजळ करून पुढे झाले.

मॅडमना मी एखादवेळ विसरेन. ती ओंजळ नाही विसरणार.

त्या घरात मी अकरा वर्षं ड्रायव्हर होतो. साहेब मोठे कंत्राटदार. रत्नागिरीबाहेर टेकडीवर बंगला, दारात तीन गाड्या. त्या उन्हाळ्यात पेट्रोलचे टँकर येईनासे झाले. का, ते कुणालाच धड माहीत नव्हतं. पंपांवर 'पेट्रोल नाही'च्या पाट्या लागल्या. जिथे थोडंफार यायचं तिथे उजाडल्यापासून रांग. मिरकरवाडा बंदरावर मच्छी विकणाऱ्या बायकांच्या स्कुटरी, शाळेचे मास्तर, रिक्षावाले, सगळे एकामागे एक. कॅनमध्ये, बाटलीत द्यायचं नाही असा नियम. माणसं शहाणी झाली होती. रांग सरकली की गाडी चालू करायची नाही, उतरून ढकलायची. शेजारच्याला मागे बसवून कामाला जायचं. बाजार, दवाखाना, बँक एकाच फेरीत उरकायचं.

साहेबांनीही ग्रुपवर मेसेज टाकला. मलाही आला. एसी बंद ठेवा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. एक्सिलरेटर हळू दाबा. साठा करू नका. तो वाचला तेव्हा मी त्यांच्याच जिन्याखाली चौथा कॅन लावत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कॅनमध्ये मिळत नाही ना? मग गाडीचाच कॅन करायचा. नव्या गाड्यांच्या टाकीत नळी उतरत नाही, जुनीच्या उतरते. म्हणून रोज जुनी गाडी. सकाळी कुवारबावच्या पंपावर रांग, टाकी भरून बंगल्यावर, नळी टाकून तोंडाने ओढायचं, कॅन भरायचा. दुपारी भाट्याच्या बाजूच्या पंपावर परत रांग. तिथे मला सकाळचं कुणी ओळखत नसे.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीच पुढे झालो. "साहेब, मला जमतं." गॅरेजात शिकलो होतो. नळीत पेट्रोल चढलं की कुठल्या क्षणी तोंड काढायचं, ते मला कळतं. साहेब खूश होतील, एवढीच हाव. दुसऱ्या दिवशी घोट गेला. तेव्हा विचारलं, "साहेब, हातपंप आणू का? दुकानात मिळतो."

"कशाला? तू आहेस की."

मी हसलो. आज थुंकावंसं वाटतं त्या हसण्यावर, पण हसलो.

तिसऱ्या दिवशी तो तांब्या.

"ग्लासाला वास लागेल," मॅडम नंतर म्हणाल्या. पेट्रोलचा वास साबणाने जातो. मी बौद्धवाडीतला. अकरा वर्षांत त्या घरात कुणी माझी जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही. मागच्या कट्ट्यावर एक कप होता, कान तुटलेला. माझा चहा त्यात. धुवायचा मीच, पालथा घालायचा मीच. मी त्याला 'माझा कप' म्हणायचो. कौतुकाने म्हणायचो!

माझा बाप गावातल्या हॉटेलाबाहेर बसून करवंटीत चहा प्यालेला माणूस. विहिरीवर त्याला पाणी वरून मिळायचं. तो हे हसत सांगायचा. "तुमच्या वाट्याला नाय येणार ता," म्हणायचा. ते हसणं मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात कळलं. बापाने मला ओंजळ कधी शिकवली नव्हती, तरी ती माझ्या हातांत होती. मला साहेबांचा राग आला, मॅडमचा आला, पण सगळ्यात जास्त माझ्या हातांचा आला.

घरी जेवायला बसलो तर भातालाही पेट्रोल. बायकोने बांगड्याचं कालवण केलेलं, आवडीचं, तेही उतरेना. बिडी तोंडात धरली आणि पेटवायची हिंमत झाली नाही. बायको जवळ आली, वास घेतला. म्हणाली, "गाडी चालवतास का गाडी पितास?"

चौथ्या दिवशी परत कुवारबावच्या रांगेत. ओठ फुटलेले. माझ्या मागे राजिवड्याचे इकबालभाई, त्यांची रिक्षा. तोंडओळख होती. ते खाली उतरून माझ्या काचेशी आले.

"काय रे, काल व्हतास, परवा व्हतास. येवडा पेट्रोल करतो काय तुजा साहेब?"

मी पुढच्या गाडीकडे बघितलं.

"माजी रिक्षा दोन दिस हितून रिकामीच परत गेली. आज परत इथवर ढकलत आणली. उद्या घरवालीला सिव्हिलात न्यायची, डायलिसिसला. आज नाय मिळाला तर कशी नेऊ?"

ते भांडत नव्हते. खरंच विचारत होते. माझ्याकडे उत्तर होतं. जिन्याखाली होतं, कॅनमध्ये, माझ्या तोंडाने भरलेलं. साहेबांचा जुलूम माझ्यावर होता, खरंय. पण इकबालभाईंवरचा जुलूम मीच करत होतो. आपल्याला वरून पाणी घालणाऱ्यासाठी मी रांगेतल्या माणसाला कोरडं ठेवत होतो.

अर्ध्या तासाने पंपावरचा माणूस गाड्या मोजत आला. माझ्या बॉनेटवर थाप मारली. "हितपर्यंत मिळेल. मागच्यांनी घरी जा."

मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रांगेतून बाहेर काढली. इकबालभाईंना हाताने पुढे जा म्हटलं. ते बघत राहिले. दया वगैरे काही नाही. भरलेली टाकी घेऊन मला त्या अंगणात परत उकिडवं बसायचं नव्हतं.

बंगल्यावर साहेब व्हरांड्यातच होते. "काय, संपलं का?"

'हो' म्हणालो असतो तर नोकरी वाचली असती. सगळ्या गावात संपत होतं, कोण विचारणार होतं? 'हो' जिभेवर आलंही. जीभ अजून झोंबत होती.

"नाही. होतं. मी घेतलं नाही."

"माज आला काय तुला? मग कॅन कोण भरणार?"

डिकीतून नळी काढली. त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली, चहाच्या कपांशेजारी. वर किल्ली ठेवली.

"हातपंप दुकानात मिळतो, साहेब. नाहीतर तोंड तुम्हालाही आहे."

ते उठून उभे राहिले. बरंच बोलले. अकरा वर्षांचं मीठ काढलं, माझी लायकी काढली, आणि शेवटी जी कधी काढली नव्हती ती जातही काढली. बरं झालं. निदान त्या घरात एकदा तरी खरं बोललं गेलं.

मी मागे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदाताई उभी होती. "ताई, पाणी दे," म्हटलं. तिने एकदा व्हरांड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग फळीवरचा स्टीलचा ग्लास काढला, भरला आणि माझ्या हातात दिला. मी ओठ लावून प्यालो. फुटलेले ओठ, रक्त लागलं काठाला. तसाच ठेवला. कान तुटलेला कप उचलला आणि कट्ट्यावर आपटून फोडला.

त्यानंतर बरेच दिवस काम नव्हतं. आता मिरकरवाड्यावरून मच्छीचा टेम्पो चालवतो. कष्ट जास्त, पगार कमी, अंगाला माशाचा वास. टंचाई गेली, परत येईल. परत रांग लागेल आणि मी माझ्या नंबरावर उभा राहीन, मागच्यासाठी उरेल एवढं बघून.

आणि उन्हात कुणाच्या दारात पाणी मागायची पाळी आली, तर आधी हात मागे बांधीन. ग्लास आला तर पिईन. तांब्या वर उचललेला दिसला तर तहानलेला निघून जाईन. मुलीलाही तेच सांगितलंय. घसा कोरडा पडला तरी चालेल, ओंजळ करायची नाही.