नाव नसलेली बाटली

माझी गरोदर मुलगी काल दवाखान्यातून गोळ्यांची एक पांढरी बाटली घेऊन आली. तिच्यावर औषधाचं नाव नव्हतं, नुसता ट्रायलचा नंबर होता, आणि मला कोलशेतची ती सासू आठवली. तरुणपणी मी गरोदर बायकांचं बीपी वाढू नये म्हणून चाललेल्या औषधाच्या एका ट्रायलमध्ये घरोघरी जाऊन गोळ्या मोजायचे. काही बाटल्यांत खरं औषध, काहींत औषध नसलेल्या नुसत्याच गोळ्या, आणि कुठल्या बाटलीत काय ते आम्हालाही सांगत नसत. सुनेला बाटली दिल्यावर महिन्याने त्या सासूच्या घरी गेले. ओटीवर सुकट पसरलेली, तिचा वास नाकात बसलेला. मोजल्या तर गोळ्या अगदी बरोबर निघाल्या. एवढं बरोबर कुणाचंच निघत नसे, म्हणून मला संशय आला. सून खाली मान घालून बसलेली. मी सासूला सरळ विचारलं, "मावशी, रोजची गोळी फेकून तर देत नाही ना?" सुकट निवडता निवडता ती म्हणाली, "फेकू कशाला? पयले सात दिस मीच खाल्ल्या. नाव नाय त्या दवाला, आत काय हाय ते तुमी पन सांगत नाय. मना काय झाला नाय, मंग सुनेला दिली." केवढं बोलले होते मी तिला! अडाणीसुद्धा म्हटलं. आज सकाळी मुलगी आंघोळीला गेली, तेव्हा मी ती बाटली उघडली, एक गोळी तळहातावर घेतली आणि पेल्यात पाणी ओतलं.